एका भोंग्याच्या गावातून दुसऱ्या भोंग्याच्या गावात: सोलापूरचे तीन दिवस

आमच्या घरी एक सोलापुरी चादर आहे. 1984च्या दिवाळीला बोनस मिळाला तेव्हा बाबांनी ती चंद्रपूरच्या बाजारातून आणली. तेव्हा ती लाल-पांढरी होती. आता लालाचा विटकरी झालाय आणि पांढरा कुठला ते शोधावं लागतं. बाबा भूमिगत कोळसा खाणीत लोडर, म्हणजे कोळसा भरणारे कामगार होते. रात्रपाळी करून आले की अंगणात आंघोळ करायचे. दोनदा साबण लावूनही पापण्यांच्या कडेला काजळासारखी रेघ उरायचीच. मग ही चादर डोक्यावरून ओढून दुपारपर्यंत झोपायचे आणि आम्ही भावंडं पायांचा आवाज न करता घरात वावरायचो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमच्या खाण कॉलनीत पाळीचा भोंगा हेच सगळ्यांचं घड्याळ होतं.

सोलापूरला निघाले तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "चादर आण. आणि ती बनते कशी ते बघून ये."

पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस पकडली. या गाडीचं नाव कुणाच्या आठवणीसाठी आहे हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. डब्यात बहुतेक रोजची ये-जा करणारी माणसं. कुर्डुवाडी गेल्यावर शेजारच्या काकूंनी डबा उघडला. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. मला न विचारताच अर्धी भाकरी मोडून हातावर ठेवली. रात्री दहाच्या सुमारास सोलापूर आलं.

रेल्वे इथं 1860 साली आली, आणि गिरण्यांची गोष्ट तिथूनच सुरू होते. कापूस, सूत आणि बॉयलरला लागणारा कोळसा हे सगळं रुळांवरून येणार आणि तयार कापड रुळांवरूनच जाणार. मुंबईचे मोरारजी गोकुळदास यांनी 1874 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली आणि 1877 मध्ये गिरणी सुरू झाली. सोलापूरकर तिला नुसतं 'जुनी गिरणी' म्हणतात. ते साल दुष्काळाचं होतं. 1876 ते 78च्या त्या दुष्काळात हा सगळा मुलूख होरपळला होता. ज्यांच्याकडे शेतात पिकवायला आणि घरात खायला काही उरलं नव्हतं, त्यांच्यासाठी धूर ओकणारं धुराडं म्हणजे केवढा मोठा आधार असेल. पुढं लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि गाव भोंग्यावर चालू लागलं.

जुन्या गिरणीच्या परिसरात मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. सोबत सत्तरी ओलांडलेले एक काका होते. त्यांच्या वडिलांनी या गिरणीत आणि त्यांनी स्वतः दुसऱ्या एका गिरणीत साच्यावर काम केलेलं. मागाला गिरणीतली माणसं 'साचा' म्हणतात. काका आधी बदली कामगार होते. म्हणजे रोज दारात जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर जॉबर, म्हणजे मुकादम, आत घेणार, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. "डबा परत आला की आई काही बोलायची नाही," काका म्हणाले, "नुसतं झाकण उघडून बघायची." मला आमच्याकडचं हाजरीघर आठवलं. तिथंही माणसं अशीच नावाच्या पुकाऱ्याची वाट बघत उभी असायची.

या गिरणीची एक गोष्ट मी शाळेत कधी ऐकली नव्हती आणि ऐकायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. ऑगस्ट 1949 मध्ये व्यवस्थापनाने गिरणी बंद केली आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपल्या हाती घेतला. राज्यघटना लागू व्हायला तेव्हा तीन आठवडेही उरले नव्हते. पुढं त्याचा कायदा झाला. एक भागधारक, चिरंजितलाल चौधरी, सर्वोच्च न्यायालयात गेले. एकाच कंपनीसाठी कायदा कसा काय, समानतेचा हक्क कुठं गेला, असा त्यांचा सवाल होता. डिसेंबर 1950 मध्ये न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. त्याच कायद्याविरुद्धचा दुसरा खटला मात्र 1953च्या डिसेंबरमध्ये भागधारकाच्या बाजूने लागला. कायदा शिकणारी मुलं आजही हे दोन्ही खटले वाचतात. त्यांच्यातल्या कितीजणांच्या डोळ्यांसमोर बंद फाटकापुढं डबा घेऊन उभा असलेला माणूस येत असेल?

आमच्याकडे हे 1973 साली झालं. खाणी सरकारच्या ताब्यात गेल्या आणि आजोबांना पहिल्यांदा पगाराची चिठ्ठी मिळाली. ती चिठ्ठी आजीने देव्हाऱ्यात ठेवली होती. सरकारने हातात घेणं म्हणजे काय, हे आम्हा खाणवाल्यांना घटनेच्या कलमांतून कळलेलं नाही, त्या चिठ्ठीतून कळलंय. काकांना हे सांगितलं तर ते बराच वेळ मान हलवत राहिले.

दुपारी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी गेले. मे 1930. गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि गिरणी कामगारांसकट सगळं शहर रस्त्यावर उतरलं. 8 मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, लोक पेटले, चौकी जाळली गेली, आणि अधिकाऱ्यांनी शहर सोडलं. त्यानंतरचे काही दिवस सोलापुरात ब्रिटिशांचं राज्य नव्हतं. लोकांनीच शहर सांभाळलं. मग लष्कर आलं, मार्शल लॉ लागला, गांधी टोपी घालणंसुद्धा गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवत आणि गिरणी कामगारांमध्ये काम करत. ही चार नावं एका ओळीत वाचली तरी त्या वेळचं सोलापूर कळतं. मी चपला काढून उभी राहिले. मागून रिक्षावाला ओरडत होता, तरी थोडा वेळ तिथून हलावंसं वाटेना.

किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव संध्याकाळी भरभर पाहिले. तलावाकाठी वारा छान होता, पण माझं सगळं मन पुढच्या दिवसाकडे लागलेलं.

तिसरा दिवस पूर्वभागाचा, म्हणजे शहरातल्या विणकरांच्या वस्तीचा. अशोक चौक ओलांडला आणि कानावर तेलुगू पडायला लागली. मला एकदम घरी आल्यासारखं झालं, कारण बल्लारपूर काय नि घुग्घुस काय, आमच्या खाणींच्या वस्त्यांतही अर्धी गल्ली तेलुगू बोलते. इथले पद्मशाली विणकर तेलंगणातून आले. तिकडचा दुष्काळ, निजामाच्या राज्यातली जमीनदारी, आणि इथं गिरण्या नि हातमाग. पिढ्यान्‌पिढ्या विणणारी ही माणसं पाठीवर हुन्नर घेऊन आली. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, नवरात्रात अंगणात बतुकम्मा, म्हणजे फुलांची रास, मांडतात, आणि मुलं मराठी शाळेत जातात.

एका यंत्रमागाच्या शेडमध्ये मालकांनी आत येऊ दिलं. शब्द ऐकू येत नाहीत इतका खडखडाट. सगळे खुणांनी बोलतात, ओठ वाचतात. मागाच्या वर जॅकार्डची लोखंडी चौकट, आणि तिच्यावरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि तिचा धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो. त्या फटीतून आडवा धागा घेऊन धोटा जातो. मोर, फूल, वेल, सगळं त्या भोकांत लिहिलेलं. विणकराने मला चादर उलटून दाखवली. सुलट बाजूला लालावर पांढरा मोर, उलट बाजूला पांढऱ्यावर लाल. लहानपणी आम्ही भावंडं चादरीची खरी बाजू कुठली यावरून भांडायचो, ते भांडण तिथं मिटलं.

टॉवेलचा माग वेगळा. त्याला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम, एक घट्ट ताणलेला आणि एक सैल सोडलेला. सैल धाग्याचे फासे उभे राहतात आणि तेच पाणी शोषतात. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना 2005 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी सोलापूरचं नाव लावून दुसरीकडचा माल विकला जातो ही विणकरांची तक्रार अजून आहे. त्यांची तक्रार खरी वाटते. दुकानात मला स्वतःलाच फरक ओळखता आला नसता.

शेडमधल्या ट्यूबलाइटवर कापसाची तूस बसली होती, जाड, पांढरी. कामगारांच्या भुवयांवरही तीच. मी बघतच राहिले. आमच्याकडे काळी आणि इथं पांढरी. खोकला मात्र ऐकून ओळखीचा वाटला.

1990च्या दशकात लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद पडली. माग गल्लोगल्ली विखुरले. घर मात्र बायकांच्या विड्यांवर तरलं, हे मला तिथं ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्या सगळ्या बायकाच होत्या. एका घराच्या ओट्यावर अक्का सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पान भिजवलेलं, कात्रीने मापात कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्याने बांधायची. बोलताना हात थांबत नाहीत. मी पान हातात घेतलं आणि म्हटलं, "हे आमच्या जंगलातलं तेंदू. मे महिन्यात आमच्याकडच्या बायका पहाटे उठून तोडायला जातात." अक्कांनी पहिल्यांदाच हात थांबवला. "असं होय? आमाला वाटायचं गोणीतच उगवतंय!" आणि मोकळं हसल्या. मग विचारलं, "अन्नं तिन्नावा अम्मा?" जेवलीस का. मला एवढी तेलुगू येते.

जेवून त्यांच्या मुलीबरोबर सोलापूरजवळच्या कुंभारीला गेले. विडी कामगार बायकांसाठी तिथं गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत आहे, दहा हजार घरांची. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. शेजारी असंघटित कामगारांचं रे नगर, तीस हजार घरांचं, त्यातली पहिली पंधरा हजार जानेवारी 2024 मध्ये दिली. कामगार नेते नरसय्या आडम, म्हणजे सगळ्यांचे आडम मास्तर, यांनी ही घरं लढून मिळवली. आमच्याकडे कॉलनीतलं क्वार्टर निवृत्तीला सोडावं लागतं, तेव्हा आईने भिंतीवरचे खिळेसुद्धा काढून घेतले होते. इथं दारावर बाईचं नाव पाहिलं आणि मी त्याचा फोटो न काढता तिथंच उभी राहिले.

घरी पोचले तेव्हा बाबा पडवीत बसले होते. नवी चादर उलगडली, दोन्ही बाजू पाहिल्या, कडेचे धागे बोटाने चाचपले. मी जॅकार्ड, पुठ्ठे, धोटा, सगळं सांगत होते. त्यांनी मधेच विचारलं,

"पाळी किती तासांची?"

"ज्या शेडमध्ये गेले तिथं बारा तासांची."

"बारा?" बाबा चादरीची घडी घालता घालता थांबले. "आमची आठची होती. आणि त्यांना ऐकू येतं का अजून?"