तुम्ही विचारलंत म्हणून: माश्या उठणार हे आधी कळत नाही का?

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीमागे शेवग्याखाली सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाश्यांची एक पेटी आहे. ती बघायला येणारं माणूस चहा होईपर्यंत हमखास विचारतं, "काकू, या अचानक उठून जातात म्हणे. तुम्हाला आधी कळत नाही?"

कळतं. दिवस कळत नाही.

आधी एक घोळ निस्तरते. मुंग्या लागल्या, मेणकिड्यानं पोळी पोखरली, पेटी तापली किंवा फुलोरा संपून उपासमार झाली की सातेरी अख्खं बिऱ्हाड उचलते. मागे रिकामी पोळी. त्यात बहुतेकदा चूक आपलीच असते. वसाहत फुटणं वेगळं, ती भरभराटीत फुटते. फुलं भरपूर, पेटीत दाटी, राणीचा गंध कानाकोपऱ्यापर्यंत पोचेनासा झालेला, अशा वेळी जुनी राणी निम्म्याअधिक कामकरी माश्या घेऊन निघते. इथे लेक नांदायला जात नाही, आईच घर सोडते.

खुणा दिसतात. आधी नरांची घरं वाढतात. सातेरीत त्यांच्या टोपणाला मधोमध टाचणीनं टोचल्यासारखं भोक असतं, एकदा पाहिलं की विसरत नाही. मग पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी राणीघरं, म्हणजे नव्या राण्या वाढवायची घरं, लोंबायला लागतात. पहिलं राणीघर मेणानं बंद झालं की त्या सुमारास थवा निघतो. माझं शहाणपण या 'सुमारास'पाशी संपतं. मळभ आलं की त्या थांबतात, ऊन पडलं की भर दुपारी निघतात. कधी तर बांधलेली राणीघरं स्वतःच मोडतात आणि काही घडलंच नाही अशा कामाला लागतात.

नोकरीत होते तेव्हाची गोष्ट. आठवडाभर गावी जाऊन आले, पेटी उघडली तर पाच राणीघरं, बंद. पेटी गजबजलेली. म्हटलं, वेळेवर आले. पाचही कापून टाकली आणि निश्चिंत झाले. थवा मी गावी असतानाच गेला होता. गर्दी दिसली ती मागाहून बाहेर पडलेल्या तरुण माश्यांची. जुनी राणी गेलेली, नव्या मी मारलेल्या, आणि नवी राणी घडवायला लागते तशी कोवळी अळीही शिल्लक नव्हती. पुढे कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या. त्यांचं मीलन झालेलं नसतं, म्हणून त्यांतून फक्त नर निपजतात. महिन्याभरात पेटी संपली. तेव्हापासून ताजं अंडं डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी राणीघराला हात लावत नाही.

गेल्या वर्षी मात्र मी घरी होते. साडेदहाला पेटीच्या तोंडातून माश्या सांडाव्यात तशा बाहेर आल्या, अंगणभर घोंघावल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या स्कूटरच्या हँडलला लटकल्या. कुणीतरी फवारणीवाल्याचा नंबर शोधायला लागलं, त्याला थांबवलं. निघताना माश्या मध पोटभर पिऊन घेतात, राखायला घरही नसतं, त्यामुळे तेव्हा त्या सहसा डसत नाहीत. (डिवचू नये, हे सांगायला नकोच.)

आता कुठे जायचं हे राणी ठरवत नाही. जुन्या शोधकऱ्या माश्या जागा पाहून येतात आणि घोळक्यावर नाचून दिशा नि अंतर सांगतात. मधमाश्यांचे जर्मन अभ्यासक मार्टिन लिंडाउअर यांनी १९४९ साली म्युनिकमध्ये पाहिलं, की या नाचणाऱ्यांच्या अंगावर काजळी, विटांची भुकटी, पीठ असं काहीबाही आहे. म्हणजे त्या फुलांवरून नव्हे, घरं धुंडाळून आल्यात. मीही भिंग घेऊन तीन हात नाक्याच्या मेट्रोच्या कामाची धूळ शोधली. नाही दिसली. एकेका जागेचा पाठिंबा वाढत जातो आणि पुरेशा शोधकऱ्या एका जागी जमल्या की सगळे उडतात. त्याला तास लागतो किंवा तीन दिवस.

"काकू, अकराला निघायचंय मला. उठतील ना?"

"नाही सांगता येत हो."

स्कूटरवाले शेजारी रिक्षानं गेले. मी पुठ्ठ्याचं खोकं आणायला वर गेले, खाली येईपर्यंत हँडल रिकामं.

यावर उपाय एकच मला पटतो. राणीघरं बंद व्हायच्या आत आपणच जुन्या राणीला पोळ्यांच्या दोन-तीन चौकटींसह दुसऱ्या पेटीत हलवायचं, म्हणजे वसाहत आपल्या हातानं फोडायची. दारावर राणी अडवणारी जाळी लावली तरी थवा बाहेर पडतो, राणीवाचून परततो, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

काल पाहिलं, दोन राणीघरं आहेत, अजून उघडी. रिकामी पेटी धुऊन उन्हात ठेवली आहे. स्कूटर दुसरीकडे लावा म्हणून निरोपही दिलाय.