विहिरीवरचे इंजिन आणि वँकेलचा त्रिकोण

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या शेतात विहिरीजवळ पत्र्याची एक खोली होती आणि त्या खोलीत पाच अश्वशक्तीचे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवलेले होते. दोन्ही अंगांना जडशीळ फ्लायव्हील, मिनिटाला जेमतेम साडेसहाशे फेरे आणि बोरी नदीच्या पलीकडेही ऐकू जाईल असा ठोका. ते सुरू करायचे म्हणजे डिकम्प्रेशनची कळ उचलून धरायची, हँडलने फ्लायव्हीलला वेग द्यायचा आणि पुरेसा वेग आला की कळ सोडून हँडल काढून घ्यायचे. एका उन्हाळ्यात, कपाशीच्या लागवडीपूर्वीची पाळी देण्याच्या ऐन वेळेस, कितीही हँडल मारले तरी ते पेट घेईना. वडील म्हणाले, "दम राहिला नाही त्याच्यात." दम म्हणजे कम्प्रेशन, आतली हवा दाबून धरण्याची ताकद. गावातले मिस्त्री सायकलवरून आले, त्यांनी हेड उतरवले, पिस्टन बाहेर काढला, लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, वरच्या कडेजवळ नखाने चाचपून झीज पाहिली, जुन्या रिंगा उतरवून नव्या चढवल्या आणि दिवस मावळायच्या आत इंजिन पुन्हा ठोके देऊ लागले.

मी तेव्हा आठवीत होतो. नवी रिंग जुन्या, झिजलेल्या लायनरमध्ये बरोबर कशी बसेल, असे मी त्यांना विचारले होते. ते आमच्या अहिराणीत म्हणाले, "रिंग गोल शे भाऊ, ती तिनी जागा धरी लेस." पुढे मी अंतर्गत ज्वलन इंजिने हा विषय जळगावात पंचवीस वर्षे शिकवला. रोटरी इंजिनाने, म्हणजे पिस्टनऐवजी थेट फिरणारा रोटर असलेल्या इंजिनाने, पिस्टन इंजिनाची जागा का घेतली नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी पुन्हा पुन्हा त्या एका वाक्यापाशी येऊन थांबलो आहे.

प्रश्न दरवर्षी वर्गात कोणीतरी विचारतच असे, आणि तो रास्त आहे. चाकाला हवे असते ते फिरणे. मग पिस्टन वर न्यायचा, थांबवायचा, खाली आणायचा, पुन्हा थांबवायचा, आणि त्या धावपळीतून कनेक्टिंग रॉड व क्रँक यांच्या साहाय्याने फिरणे निर्माण करायचे, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? ज्वलनाच्या दाबाने थेट फिरणारे काही करता येणार नाही का? फेलिक्स वँकेल या जर्मन संशोधकाला हाच प्रश्न तरुणपणापासून पडला होता. त्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. १९२९ मध्ये त्यांनी पहिले पेटंट घेतले, १९५१ पासून एनएसयू या कंपनीबरोबर काम सुरू केले आणि १ फेब्रुवारी १९५७ रोजी त्यांचे इंजिन प्रथम चालले. त्या पहिल्या रचनेत आतला रोटर आणि बाहेरचे कवच असे दोन्ही फिरत असत, त्यामुळे स्पार्क प्लग बदलायचा तर सगळे इंजिन खोलावे लागे. एनएसयूमधले अभियंते हान्स डिटर पाश्के यांनी कवच स्थिर ठेवून फक्त रोटर फिरवण्याची रचना केली. वँकेल यांना हा बदल आवडला नव्हता, पण पुढे मोटारींत गेले ते हेच रूप.

त्याचे कार्य समजून घ्यायला कागदापेक्षा लाकूड बरे, असे मला वाटले, म्हणून एका सुताराच्या मदतीने मी वर्गासाठी प्लायवूडचे प्रारूप केले होते. एक गोल चकती टेबलावर पक्की करायची, तिच्या निम्म्या व्यासाची दुसरी चकती तिच्याभोवती न घसरता लोळवायची आणि त्या लहान चकतीत केंद्रापासून थोडे दूर पाडलेल्या भोकात पेन्सिल ठेवायची. जी आकृती उमटते ती मध्ये किंचित चेपलेल्या लंबगोलासारखी असते, आणि तेच वँकेल इंजिनाचे अंतरंग. त्यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर विकेंद्री दंडावर, म्हणजे केंद्र बाजूला असलेल्या फिरत्या दांड्यावर, अशा रीतीने फिरतो की त्याची तिन्ही टोके सतत भिंतीला टेकलेली राहतात. रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात, ते फिरता फिरता लहानमोठे होतात, आणि शोषण, संपीडन, ज्वलन व उत्सर्जन ही चारही कामे एकाच फेरीत पार पडतात. दंड तीन फेरे घेतो तेव्हा रोटरचा एक फेरा होतो, म्हणजे दंडाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ज्वलन मिळते. वाल्व नाहीत, कॅमशाफ्ट नाही, खालीवर होणारे वजन नाही. रोटर हाताने फिरवून पाहिला की विद्यार्थ्यांचे चेहरे उजळत, आणि खरे सांगायचे तर माझाही चेहरा उजळत असे. यंत्रशास्त्रात इतकी देखणी कल्पना मी दुसरी पाहिलेली नाही.

त्या प्रारूपावर मी वरून ॲक्रिलिकचा पारदर्शक पत्रा बसवला होता आणि रोटरच्या टोकांना नमद्याच्या पट्ट्या लावल्या होत्या. एके वर्षी मला सुचले म्हणून एका कप्प्यात मूठभर राजगिरा भरला आणि रोटर फिरवायला सांगितले. दहा-बारा फेऱ्यांत राजगिरा तिन्ही कप्प्यांत पसरला. तो पट्टीच्या मधल्या भागातून फारसा गेला नव्हता. तो गेला कोपऱ्यांतून, म्हणजे जिथे टोकाची उभी पट्टी संपते आणि रोटरची सपाट बाजू सुरू होते तिथून. खऱ्या इंजिनातही अवघड जागा हीच आहे. तिथे टोकाची पट्टी, बाजूची वक्र पट्टी आणि त्यांना जोडणारी कोपऱ्यातली बारीक गुंडी अशा गळती रोखणाऱ्या तीन प्रकारच्या सीलांना एका ठिकाणी भेटावे लागते, आणि प्रत्येक भेट ही फटीची शक्यता असते.

आता मिस्त्रींची रिंग आठवावी. सिलिंडर हे पूर्ण वर्तुळ आहे आणि वर्तुळ साध्या लेथवरही अचूक काढता येते. रिंग स्प्रिंगसारखी असते, ती आपल्या खाचेत हळूहळू फिरत राहते, त्यामुळे तिची झीज सगळीकडे वाटली जाते, आणि ज्वलनाचा वायूच तिच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो. रोटरी इंजिनातली पट्टी सरळ असते, भिंत वर्तुळ नसते, आणि पट्टी भिंतीला टेकते तो कोन क्षणोक्षणी बदलत असतो. पट्टीची कड थोडी गोलाकार करून हे सांभाळता येते, पण मग भिंतीशी संपर्क उरतो तो केवळ एका रेषेचा.

याहूनही महत्त्वाची गोष्ट तेलाची आहे, आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. पिस्टनच्या वर आग असते व खाली तेल असते. क्रँककेसमधून उडालेले तेल भिंतीवर येते, खालची रिंग जास्तीचे तेल पुसून परत पाठवते, आणि वरच्या रिंगांना पातळ थर मिळतो. रोटरच्या टोकावरच्या पट्टीला अशी तेलाची बाजूच नाही, कारण तिच्या पुढेही वायूचा कप्पा असतो आणि मागेही वायूचाच कप्पा असतो. म्हणून तेल मुद्दाम थेंबाथेंबाने आत सोडावे लागते आणि ते इंधनाबरोबर जळून जाते. आमच्याकडे इंजिन तेल खाऊ लागले की ते दुरुस्तीला आले असे समजतात, पण रोटरी इंजिनाने तेल खाणे हा त्याच्या रचनेचाच भाग आहे. गळतीचेही तसेच. रिंगेतून निसटलेला वायू क्रँककेसमध्ये जातो, तर टोकाच्या पट्टीतून निसटलेला वायू शेजारच्या कप्प्यात शिरून तिथले काम बिघडवतो.

या पट्टीपायी एनएसयू कंपनीचे स्वातंत्र्यच गेले, असे म्हणणे फारसे चूक ठरणार नाही. १९६७ मध्ये आलेली त्यांची आरओ ८० ही मोटार युरोपात १९६८ ची सर्वोत्कृष्ट मोटार ठरली, परंतु कित्येक गाड्यांची इंजिने पन्नास हजार किलोमीटरच्या आतच दम सोडू लागली आणि कंपनीला हमीपोटी ती बदलून द्यावी लागली. १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. जपानच्या हिरोशिमातल्या तोयो कोग्यो, म्हणजे आजच्या माझदा कंपनीने, १९६१ मध्ये परवाना घेतला होता. तिथे केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखालच्या अभियंत्यांना कवचाच्या आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे आढळले. पट्टी भिंतीवर थरथरत सरकत असल्यामुळे ते पडत होते, आणि त्यांना तिथे सैतानाच्या नखांचे ओरखडे असे नाव पडले. कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून केलेल्या पट्ट्यांनी त्यावर मात केली आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. त्या चिकाटीपुढे मी आजही नतमस्तक होतो.

पण पट्टी टिकली तरी ज्वलनकक्षाचा आकार तोच राहिला. पिस्टन वर आला की आग एका आटोपशीर, जवळपास थाळीसारख्या जागेत लागते. रोटरी इंजिनात ती लांबट, पातळ आणि सरकत्या पोकळीत लागते. अशा पोकळीत वायूच्या मानाने भिंतींचे क्षेत्रफळ फार असते, त्यामुळे उष्णता भिंतींत जाते, ज्वाला कडेशी विझते, आणि मागे राहिलेल्या टोकापर्यंत ती पोहोचण्याआधीच कप्पा पुढे निघून जातो. दोन स्पार्क प्लग बसवून हे कमी होते, संपत नाही. न जळलेले पेट्रोल बाहेर पडते, आणि लिटरमागे अंतर कापले जाते ते कमीच. त्यातच, ज्या बाजूला ज्वलन होते ती बाजू कायम तापलेली आणि जिथून मिश्रण येते ती कायम थंड, त्यामुळे कवच असमान प्रसरण पावते. सिलिंडरमध्ये जी भिंत आग सोसते तिलाच पुढच्या खेपेला ताजे मिश्रण गारवा देते.

अमेरिकेत धुराचे नियम कडक झाले तेव्हा माझदाने एक्झॉस्टमध्ये भट्टी बसवून न जळलेले इंधन तिथे जाळले आणि नियम पाळले, मात्र त्यासाठी पेट्रोल जास्त खर्चावे लागले. मग ऑक्टोबर १९७३ चे तेलसंकट आले. १९७० मध्ये पाच कोटी डॉलरच्या करारावर परवाना घेतलेल्या जनरल मोटर्सने १९७४ मध्ये रोटरीचा बेत बाजूला ठेवला. सित्रोएनने अशा मोटारी जेमतेम ८४७ विकल्या आणि शक्य तितक्या परत विकत घेऊन मोडीत काढल्या.

रोटरीचे चाहते १.३ लिटरमधून मिळणाऱ्या शक्तीचे दाखले देतात. त्यांच्याविषयी मला आपुलकी आहे, पण ही तुलना मी मान्य करत नाही. माझदाच्या १३बी इंजिनाचे १३०८ घनसेंटिमीटर हे दोन्ही रोटरांचा एकेक कप्पा धरून मोजलेले असतात आणि तेवढे मिश्रण ते दंडाच्या प्रत्येक फेऱ्याला घेते. चार स्ट्रोकचे इंजिन आपल्या क्षमतेइतके मिश्रण दोन फेऱ्यांत घेते, म्हणून खरी तुलना २.६ लिटरच्या इंजिनाशी करायला हवी. १९९१ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत चार रोटरांच्या माझदा ७८७बी ने मिळवलेला विजय निर्विवाद मोठा होता. त्या विजयामुळे रोटरीवर बंदी आली, ही मात्र दंतकथा आहे, कारण ३.५ लिटर पिस्टन इंजिनांचा नियम आधीच ठरलेला होता.

खान्देशातून पाहिले की आणखी एक कारण ठळक दिसते, आणि माझ्या मते त्याला पुरेसे महत्त्व मिळालेले नाही. ते कारण म्हणजे डिझेल. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच्या उष्णतेने इंधन पेटवेल, यासाठी साधारण १६ ते १८ पट संपीडन लागते. रोटरी इंजिनात तेवढे संपीडन साधायला गेले की आकार वाढतो आणि आधीच लांबट असलेला कप्पा आणखी लांबट होतो. ब्रिटनच्या रोल्स-रॉइसने एका मोठ्या रोटरने हवा दाबून ती लहान रोटरला पुरवण्याचा प्रयोग लष्करासाठी केला होता, पण तो उत्पादनापर्यंत गेला नाही. त्यामुळे विहीर, ट्रॅक्टर, मालमोटार आणि रेल्वे ही सगळी क्षेत्रे रोटरीला बंदच राहिली. सुरत-भुसावळ मार्गावर आम्ही लहानपणापासून पाहिलेल्या डब्ल्यूडीएम-२ या रेल्वेच्या डिझेल इंजिनात सोळा सिलिंडर आणि २६०० अश्वशक्ती होती. विहिरीवरचा एक सिलिंडर आणि तिथले सोळा यांच्या आकारात मोठा फरक होता, पण रिंग, लायनर, वाल्व हीच नावे दोन्हीकडे होती, आणि एकीकडे झालेली सुधारणा दुसरीकडे पोहोचत होती. रोटरीसाठी झटणारे शेवटी एकाच कंपनीतले लोक उरले.

माझदाची आरएक्स-८ ही रोटरी मोटार २०१२ मध्ये थांबली. २०२३ मध्ये त्याच कंपनीने एमएक्स-३० या विजेवर चालणाऱ्या मोटारीत ८३० घनसेंटिमीटरचे एका रोटरचे इंजिन बसवले. ते चाके फिरवत नाही, फक्त जनित्र चालवते. लहान जागेत बसणे आणि न थरथरणे हे रोटरीचे गुण तिथे पूर्ण उपयोगी पडतात. त्याची माहिती वाचताना माझी नजर आधी गेली ती टोकाच्या पट्टीकडे. तिची जाडी २ मिलिमीटरवरून २.५ मिलिमीटर केली आहे.