पंजा जिंकलेली जान्ना

सबटायटलच्या कामात टायमिंग घसरणं ही रोजचीच कटकट. सगळ्या ओळी दोन-तीन सेकंद पुढेमागे सरकवायच्या आणि मोकळं व्हायचं. 2021 मधल्या त्या दिवशी मात्र कितीही सरकवलं तरी जमेना.

सिनेमा होता इटालियन दिग्दर्शक दारिओ आर्जेंतोचा 'प्रोफोंदो रोस्सो', 1975 चा. इंग्रजी ओळींची तयार फाईल आली होती. ती इटालियन प्रिंटवर बसवून तपासायची आणि रात्री दहापर्यंत द्यायची, एवढंच काम. सुरुवात बरी झाली. मग ओळी अर्ध्या मिनिटाने चुकल्या, पुढे दोन मिनिटांनी, मग त्याहून जास्त. टायमिंग बघणारा मुलगा म्हणाला, "ताई, हे घसरलेलं नाही. मधलं काहीतरी गायबच आहे." आमची प्रिंट 126 मिनिटांची होती. फाईल ज्या परदेशी आवृत्तीवरून बनवली होती, ती त्याहून सुमारे 22 मिनिटांनी लहान.

मग दोघं मिळून कुठे काय गेलंय ते शोधत बसलो. थोडा रक्तपात कापला होता, ते अपेक्षितच. पण एकामागून एक गाळलेले प्रसंग बघताना माझ्या लक्षात आलं की बहुतेक ठिकाणी समोर जान्ना आहे. जान्ना ब्रेत्सी, वार्ताहर. भूमिका दारिया निकोलोदीची.

असल्या खुनांच्या रहस्यपटांना इटलीत 'जाल्लो' म्हणतात, म्हणजे पिवळा. मोंदादोरी प्रकाशनाने 1929 पासून पिवळ्या वेष्टनात रहस्यकथा काढल्या, त्यावरून ते नाव पडलं. त्यातल्या बायका बहुधा किंचाळायला आणि मरायलाच असतात. जान्ना तशी नाही. खुनाची बातमी शोधत ती स्वतः हिंडते, नायकाला आपल्या खटारा फियाट 500 मध्ये कोंबते. शेजारची सीट मोडकी आहे. नायक झालेला डेव्हिड हेमिंग्ज बसला की खाली जातो आणि मान वर करून तिच्याशी बोलतो. दिग्दर्शकाने दोघांचं नातं त्या सीटच्या उंचीत सांगून टाकलंय, आणि परदेशी वितरकांनी नेमकं असलंच काढून टाकलं. विनोद गेला, प्रेम गेलं, खून राहिले.

दारियावर हे पुढेही ओढवलं, म्हणून मला त्या दिवशी जास्तच लागलं. संगीतकार अल्फ्रेदो कासेल्लाची ही नात. 'सुस्पिरिया' (1977) तिने आर्जेंतोबरोबर लिहिला, आजीकडून ऐकलेल्या गोष्टींतून तो सुचल्याचं ती सांगायची. पडद्यावर मात्र ती त्यात ओझरतीच दिसते. 'इन्फेर्नो'च्या (1980) कथेतही तिचा हात होता, पण लेखक म्हणून नाव लागलं नाही. दिग्दर्शक मारिओ बावाच्या 'शॉक'मध्ये (1977) अख्खा सिनेमा तिच्या चेहऱ्यावर उभा आहे. त्या प्रकारातलं इतकं थकलेलं, खरं भय मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. 26 नोव्हेंबर 2020 ला ती रोममध्ये वारली.

संध्याकाळी फोन आला. गाळलेल्या प्रसंगांना ओळी नसल्या तरी चालेल, कथेला त्यांची गरज नाही, असं सांगण्यात आलं. मी म्हटलं, "मला सकाळपर्यंत वेळ द्या, पैसे तेवढेच द्या." त्या भागांचं इंग्रजी डबिंग हाताशी नव्हतं. मी इटालियन ऐकून लिहायला घेतलं. आमच्याकडे एका ओळीत 42 अक्षरं, एका वेळी दोन ओळी. दारिया भराभर बोलते, वाक्य अर्ध्यात सोडते, हसते. तिचं वाक्य छाटावं तर लागतंच, नाहीतर वाचून होत नाही. प्रत्येक छाटणीला जीव तुटायचा. आधीच 22 मिनिटं गेलेल्या बाईचे शब्द पुन्हा मीच कापत होते.

शेवटी राहिला पंजाचा प्रसंग. बायका नाजूक असतात, अशा अर्थाचं काहीतरी नायक बोलतो. ती थेट पंजा लढवायला बसते आणि जिंकते. रात्री दोनला मी तो बारा-पंधरा वेळा बघितला असेल. टायमिंगवाला मुलगाही घरी गेला नव्हता. म्हणाला, "ताई, इथे ओळ राहिली तर प्रेक्षक खाली बघतील."

आधीच्या ओळीतला एक शब्द मी उडवला आणि ती आठ फ्रेम आधी काढली. हेमिंग्जचा हात टेबलाला टेकतो, तेव्हा पडद्यावर एकही अक्षर नाही.