रोज 'बॅकअप झाला', आणि फाइल शून्य बाइट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा हिशेबाचा सर्व्हर मी सांभाळतो. रात्री दोनला क्रॉनवरून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामवरून, बॅकअपची स्क्रिप्ट चालते. एकदा मालकांनी जुनं बिल मागितलं, म्हणून फोल्डर उघडलं, तर अकरा दिवसांच्या फाइली शून्य बाइटच्या. लॉगमध्ये मात्र रोज 'बॅकअप झाला'.

मालक म्हणाले, "झालं झालं म्हणतंय की ओ ते, मग झालं कुठं?"

चूक माझीच. डेटाबेसची नक्कल काढणाऱ्या मायएसक्यूएलडंपला कमांडमध्येच पासवर्ड दिला की ते 'हे असुरक्षित आहे' अशी वॉर्निंग देतं. क्रॉन ती रोज मेल करायचा. कंटाळून मी पुढे 2>/डेव्ह/नल लावून टाकलं, म्हणजे वॉर्निंग-एररचा सगळा मजकूर सरळ खड्ड्यात. मग कुणीतरी पासवर्ड बदलला, १०४५ नंबरची 'ॲक्सेस डिनाइड' एरर यायला लागली, आणि तीही त्याच खड्ड्यात गेली. मागावर आडवा धागा तुटला की माग थांबतो. शेल स्क्रिप्टला ती अक्कल नाही, ती गुमान पुढची ओळ चालवते. माझी पुढची ओळ होती 'बॅकअप झाला'.

दुरुस्तीतही आधी आपटलो. आउटपुट फाइलीत आणि एरर व्हेरिएबलमध्ये हवी होती, म्हणून लिहिलं:

एरर=$(मायएसक्यूएलडंप हिशेब >हिशेब.एसक्यूएल 2>&1)

(टर्मिनलवर नावं अर्थात रोमनमध्येच.) व्हेरिएबल रिकामं, आणि एररचा मजकूर थेट बॅकअपच्या फाइलीत! म्हणजे आता फाइल शून्य बाइटचीही दिसेना. हे जास्त वाईट.

कमांड चालवणारं शेल हे डावीकडून उजवीकडे वाचतं. एक नंबर म्हणजे आउटपुट, दोन नंबर म्हणजे एरर. 2>&1 म्हणजे दोन नंबरच्या टेंपोला सांगणं, 'एक नंबर आत्ता जिथं निघालाय तिथं तू जा.' एक नंबर आधीच गोडाऊनकडे वळवला असेल, तर दोनही गोडाऊनलाच जाणार. म्हणून दोनला आधी पत्ता द्यायचा, एकला नंतर वळवायचं:

एरर=$(मायएसक्यूएलडंप हिशेब 2>&1 >हिशेब.एसक्यूएल)

लगेच पुढच्या ओळीत $? तपासायचं, म्हणजे आधीच्या कमांडचा निकाल: शून्य म्हणजे जमलं. फंक्शनमध्ये असाल तर व्हेरिएबल जाहीर करणारं 'लोकल एरर' वेगळ्या ओळीवर लिहा. एकाच ओळीत लिहिलंत तर $? मध्ये लोकलचा निकाल येतो, आणि तो शून्यच असतो. यात माझी एक अख्खी दुपार गेली, शेंगाचटणी-भाकरीचा डबासुद्धा तसाच राहिला.

झालं की नाही हे एररच्या मजकुरावरून ठरवू नका, वॉर्निंगही तिथंच येते. ठरवायचं $? वरून, मजकूर माणसाला वाचायला. पासवर्ड आता .माय.सीएनएफ फाइलीत आहे, परवानगी ६००, म्हणजे ती फाइल ज्याची त्यालाच वाचता येते. 'बॅकअप झाला' ही ओळ काढून टाकली. बिघडलं तरच स्क्रिप्ट बोलते, आणि ती बोलली तरच क्रॉन मेल करतो.

मागच्या सोमवारी पहिला मेल आला: 'गॉट एररनो २८ ऑन राइट'. डिस्क भरली. मालकांना म्हटलं, नवी घ्यावी लागेल.

"बघू की," म्हणाले.