छर्रा, नळी आणि डाय : आमच्या दुकानाची वाटचाल

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात एअरगन दुरुस्तीला गिऱ्हाईक कधी कमी पडलं नाही. बागेत माकडं उतरली की आवाज करून हाकलायला बऱ्याच घरांत स्प्रिंगची जुनी एअरगन असायची. (प्राण्यावर नेम धरायचा नाही, हे बाबा तेव्हाही बजावायचे, आम्ही आताही बजावतो.) बाबांचं काम खरं तर सायकली आणि फवारणी पंपांचं. पंपालाही चामड्याचा वायसर अन् एअरगनलाही चामड्याचाच, म्हणून तीही त्यांच्याकडे यायला लागली. छर्ऱ्याची निवड वगैरे कुणाच्या गावी नव्हती. "कोनता बी छर्रा द्या न भाऊ, बार वाजला म्हंजे झालं," एवढीच मागणी.

२००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रानं १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक घेतलं आणि पुढे हळूहळू वेगळं गिऱ्हाईक येऊ लागलं. शाळेची पोरं, सोबत बाप, हातात उधारीवर घेतलेली रायफल. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार) कांस्य मिळालं, त्यानंतर तर बाप आणि पोरगी मिळून यायला लागले. यांना 'कोनता बी छर्रा' चालत नाही.

का चालत नाही, ते लक्ष्यावर बघा. १० मीटरच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा. एका नेमाला जास्तीत जास्त १०.९ गुण, आणि पाव मिलिमीटर सरकलं की दशांश गुण गेला. अशा साठ गोळ्या मारायच्या. नेमबाजाचा हात हलतोच. त्यात छर्ऱ्यानं आपली भर घातली तर पोराला कळतसुद्धा नाही की चूक कुणाची.

छर्रा दिसतो डमरूसारखा. पुढचं सपाट डोकं नळीतल्या आट्यांवर (आतल्या पिळदार खाचांवर) बसतं, मागचा पोकळ घेर हवेच्या दाबानं फुलून नळी बंद करतो. म्हणजे नळीशी जमतं की नाही हे दोन ठिकाणी ठरतं. मॅचच्या, म्हणजे स्पर्धेच्या छर्ऱ्यांच्या डब्यांवर डोक्याचं माप लिहिलेलं असतं, ४.४९, ४.५० मिलिमीटर असं. पण कागदावरचं माप एक आणि नळीचा स्वभाव एक. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या दोन लॉटमध्ये (कारखान्यातून एकदम निघालेल्या मालाला लॉट म्हणतात) फरक पडतो. म्हणून आमचा सगळा धंदा आज एका लोखंडी शिकंज्यावर उभा आहे. रायफल त्यात पक्की आवळायची, जाड कार्डावर पाच-पाच छर्रे सोडायचे, भोकांचा पसारा व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायच्या पट्टीनं) मोजायचा. जमलेला लॉट पाचही छर्ऱ्यांचं एकच भोक पाडतो. न जमलेला त्याच रायफलीतून भोक फाडून बाजूला पसरतो. डबी महागडी आहे म्हणून नळी ऐकेल असं नाही. महागडी डबी घेऊन आलेल्या पालकांना हे पटवणं जरा कठीण जातं, पण कार्ड हातात दिलं की बोलणं संपतं.

उन्हाळ्यात ही चाचणी सकाळीच उरकतो. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी माणूस उभा राहत नाही.

आता डायचं. दोन-तीन शहाण्या गिऱ्हाइकांनी विचारलं, छर्रे डायमधून काढून एका मापाचे करून देता का? छर्रा कडक पोलादाच्या पक्क्या भोकातून ढकलला की डोकं आणि घेर दोन्ही एका मापाला येतात, ही कल्पना बरोबरच आहे. आम्ही टूलरूममधून डाय करून घेतली आणि आधी भोक पिन गेजनं (नेमक्या जाडीच्या मापाच्या सळईनं) तपासलं. भोकाचं माप जितकं महत्त्वाचं, तितकाच आतला गुळगुळीतपणा. आतली एक रेघ प्रत्येक छर्ऱ्यावर उमटते. आणि भोक फार बारीक घेतलं तर घेर आवळतो, नळी नीट बंद होत नाही, वेग खालीवर होतो. शिसं मऊ असतं, पण डायमधून बाहेर पडल्यावर किंचित मागे येतंच, त्यामुळे डायचं माप आणि छर्ऱ्याचं माप एकच समजायचं नाही.

स्प्रिंगच्या जुन्या एअरगनला, जिथे साधे, कमी-जास्त मापाचे छर्रे वापरतात, तिथे डायचा फायदा दिसतो. मॅचच्या छर्ऱ्यांना मात्र नाही. ते कारखान्यातूनच नीट येतात, डाय त्यांचं चांगलं केलेलं बिघडवते. त्यामुळे मॅचच्या डबीला आम्ही डाय लावत नाही. कुणी आग्रह धरला तर त्याच्याच डबीतले काही छर्रे डायमधून काढून, उरलेल्यांशी तुलना करून कार्ड दाखवतो.

त्याऐवजी काच वापरा. तिरक्या काचेवर छर्रा सोडला की तो गोल वळत खाली येतो, आणि सगळे सारखे असतील तर सगळे एकाच वाटेनं वळतात. जो वेगळा वळला, तो सरावाच्या डबीत. पोरींचे हात या कामात फार चालतात. काम झालं की हात साबणानं धुवायचे, छर्रा तोंडात धरायचा नाही, हा दुकानातला नियम मोडला तर मी ओरडतो. शिसं आहे ते.

हल्ली एका रायफलला एक लॉट जुळला की त्या लॉटच्या डब्या स्पर्धेच्या हंगामापुरत्या बाजूला काढून ठेवतो, वर लॉट नंबर लिहून. पैसे बहुतेकांचे संत्रा विकल्यावर येतात. घाऊक व्यापाऱ्याला हे पटत नाही, तो म्हणतो रोख द्या किंवा लॉट दुसऱ्याला जाईल. त्यामुळे या हंगामात चार-पाच पालकांनी मिळून आगाऊ रक्कम जमवली आणि लॉट एकत्रच उचलला.