14 इंच कशासाठी?

पुण्या-नाशिकचे मित्र आणि इथे दक्षिण कॅलिफोर्नियात भेटणारी मराठी मंडळी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. जुन्या टोयोटा टॅकोमा पिकअपच्या पुढच्या चाकांना वरखाली 14 इंचांची मोकळीक देण्याचा खटाटोप कशासाठी, आणि असले काम घरच्या गॅरेजात करणे सुरक्षित तरी असते का? तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो.

सॅन दिएगोच्या पूर्वेचे डोंगर उतरले की ओकोटिलो वेल्सचे वाळवंट लागते. तिथल्या कच्च्या वाटांवर, वेगाने गेलेल्या गाड्यांनीच वर्षानुवर्षे खणलेले खळगे आणि उंचवटे एकामागून एक येत राहतात. त्यांना तिथे ‘वूप्स’ म्हणतात. अशा वाटेवर वेग राखायचा असेल, तर चाकाने प्रत्येक खळग्यात उतरून लगेच उंचवट्यावर चढावे आणि चासीने (गाडीच्या सांगाड्याने) मात्र शक्यतो एकाच पातळीत पुढे जात राहावे लागते. कारखान्यातून आलेल्या टॅकोमाच्या पुढच्या चाकाला साधारण 7-8 इंचांचा प्रवास असतो आणि तो संपला की उरलेला धक्का थेट चासीला बसतो. आज बाहा 1000 या नावाने ओळखली जाणारी शर्यत 1967 मध्ये तिहुआनाहून ला पाझपर्यंत पहिल्यांदा झाली. अशा शर्यतींचा मार्ग आधी पाहून येण्यासाठी ज्या पिकअप तयार होऊ लागल्या, त्यांना ‘प्रीरनर’ म्हटले जाते, आणि टोयोटाने पुढे टॅकोमाच्या एका मॉडेलला हेच नाव दिले. माझी गाडी त्याच मॉडेलची आहे. तिच्या पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद जात नाही, त्यामुळे पुढच्या ॲक्सलचे सांधे किती कोन सोसतील ही मोठी अडचण मुळातच उरत नाही. घरी हे काम प्रथमच करू पाहणाऱ्याने अशीच गाडी निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘म्हणजे गाडी उंच करणारे लिफ्ट किटच ना?’ असे पुष्कळ जण विचारतात. तसे नाही. स्प्रिंगवर चकती बसवून गाडी दोन इंच उंच केली, तर चाकाचा एकूण प्रवास तसूभरही वाढत नाही. उभ्या गाडीचे चाक त्या प्रवासातल्या खालच्या टोकाकडे सरकते एवढेच. परिणामी खळग्यात उतरायला त्याच्याकडे जागाच कमी राहते. प्रवास वाढवायचा, तर चाक ज्या आर्मला धरून झुलते त्या आर्मची लांबी वाढवावी लागते. आर्म 12 इंचांचा असेल आणि चाकाला 7 इंच वर व 7 इंच खाली जायचे असेल, तर त्याला आडव्या रेषेपासून दोन्ही बाजूंना सुमारे 36 अंश फिरावे लागेल. तोच आर्म 16 इंचांचा केला, तर 26 अंशांत काम भागते. तरीही आर्मच्या टोकाशी चाकाला जोडणाऱ्या मूळ बॉल जॉइंटला एवढा कोन झेपत नसल्यामुळे त्याच्या जागी गोलाकार बेअरिंगचा युनिबॉल बसवतात. गाडी दोन्ही बाजूंनी मिळून 8 इंच रुंद होते, म्हणून मडगार्डही फायबरग्लासचे, बाहेर फुगलेले घ्यावे लागतात.

स्प्रिंगचा हिशेबही याच भूमितीतून निघतो. चाक 1 इंच हलल्यावर शॉकअप 0.6 इंच दबत असेल, तर 14 इंचांसाठी त्याचा दांडा 8.4 इंच हलावा लागतो, आणि 600 पाउंड प्रति इंच कडकपणाची स्प्रिंग चाकापाशी 0.6 च्या वर्गाने, म्हणजे 0.36 पटीने, 216 पाउंड प्रति इंचाचीच भरते.

पण ज्याच्यावर खरोखर जीव लावावा, असा भाग स्टिअरिंगचा आहे. चाक वर जाताना आर्म एका कमानीत फिरतात आणि टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगचे वळण चाकापर्यंत नेणारा दांडा, त्याच्या स्वतःच्या कमानीत. या दोन कमानी जुळल्या नाहीत, तर स्टिअरिंग स्थिर धरूनही चाके आपोआप आत किंवा बाहेर वळतात. ताशी 60 मैलांच्या वेगात, चाक हवेतून खाली येत असताना असे घडणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको. म्हणून वरचा आर्म, खालचा आर्म आणि टाय रॉड हे तिन्ही सारख्याच मापाने लांबवून सुरुवात करायची आणि अखेरचा निर्णय मोजमापावर सोडायचा. चासी घोड्यांवर (पोलादी आधारांवर) समपातळीत टेकवावी, स्प्रिंग काढून ठेवावी, चाकाच्या जागी हबवर सरळ पत्रा बोल्टने आवळावा, त्याच्या पुढच्या व मागच्या कडेला एकेक डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे काट्याचे मापक) लावावे आणि खालच्या आर्मखाली जॅक घेऊन एकेक इंच वर न्यावे. प्रत्येक इंचाला दोन्ही गेजच्या आकड्यांतला फरक कागदावर मांडला की दोष कुठे आहे ते आलेखच सांगतो. चाक वर जाताना एका बाजूला आणि खाली जाताना विरुद्ध बाजूला वळत असेल, तर टाय रॉडच्या टोकाची उंची चुकलेली असते. वर आणि खाली दोन्हीकडे ते एकाच बाजूला वळत असेल, तर त्याची लांबी. उंचीचा दोष टोकापाशी चकत्या घालून किंवा काढून दूर होतो, लांबीच्या दोषासाठी मात्र सांध्यांच्या जागांचाच पुन्हा विचार करावा लागतो. हे सगळे पक्क्या वेल्डिंगच्या आधी, वेल्डिंगच्या नुसत्या तात्पुरत्या टाक्यांवर जोडलेल्या आर्मवर करायचे असते. त्याच वेळी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना आणि ब्रेकची नळी ताणत नाही ना, हेही पाहून घ्यावे.

आता सुरक्षिततेविषयी. शॉकअप, युनिबॉल आणि बोल्ट विकतच घ्यावेत. त्यांची अचूकता घरच्या लेथवर येत नाही. आर्म मात्र घरी उत्तम होतात, पण त्यासाठी जाड पोलादी पाटावर बोल्टने आवळलेली पक्की जिग, म्हणजे वेल्डिंग करताना भाग जागच्या जागी धरून ठेवणारी चौकट, हवी, नाहीतर उष्णतेने आर्म पिळवटतो. 4130 क्रोमोली या मिश्र पोलादाची नळी वापरली, तर ती टिग (टंगस्टनच्या टोकाने, वायूच्या आवरणात होणाऱ्या) वेल्डिंगने जोडावी आणि हवेत सावकाश थंड होऊ द्यावी. पाणी ओतले, तर सांध्यालगतचे पोलाद ठिसूळ होऊन तडकू शकते. त्यानंतर लाल द्रव आणि पांढरा थर फवारून तडे शोधण्याची परीक्षा घरीही करता येते, आणि ती टाळणाऱ्याने हे काम हाती घेऊ नये.

चाकाचा प्रवास संपवण्याचे कामही शॉकअपवर टाकता कामा नये. वरच्या टोकाला नायट्रोजन भरलेला बंप स्टॉप, म्हणजे धक्का झेलणारा अडथळा, आणि खालच्या टोकाला नायलॉनचा पट्टा हवाच. पट्टा वजनाखाली ताणतो, म्हणून तो शॉकअप पूर्ण उघडण्याच्या थोडे अलीकडेच ताठ होईल अशा बेताने बांधावा.

इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप किंवा महिंद्राची थार बाळगणारे मित्र विचारतात की आपल्याकडे हे करता येईल का. दोन्हींच्या पुढे दोन आर्मांचेच सस्पेन्शन आहे, तेव्हा भूमिती तीच लागू पडते. मात्र भारतातल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीच्या दाखल्यातला तपशील मूळ बनावटीशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हेच उचलून धरले. तेव्हा रस्त्यावर चालवायच्या गाडीचे आर्म कापण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. झिजलेले बुश आणि गळके शॉकअप मात्र वेळेवर बदला, आणि लिफ्ट किट विकणाऱ्याने गळ घातली, तर त्याला आधी एवढेच विचारा की ते बसवल्यावर चाकाला खाली उतरायला किती इंच शिल्लक राहतील.