माथेरान घोड्यावरून नाही, पायी बघा (आई आणि लेकीसोबत केलेली ट्रिप, जाणाऱ्यांसाठी माहिती)

दिवाळीची गर्दी ओसरल्यावर नोव्हेंबरात माथेरानला मुक्कामी जाऊन आलो, मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि गुडघेदुखीवाली आई. आल्यापासून दोन-तीन मैत्रिणींनी विचारलंय की तिथे करायचं काय, पॉइंट तर सगळे सारखेच, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझं म्हणणं एवढंच आहे की माथेरान हे पॉइंट मोजायचं ठिकाण नाहीच, ते अख्खं गावच एक मोठी बाग आहे आणि पॉइंटपेक्षा पॉइंटला नेणारी वाट जास्त सुंदर आहे. घोड्यावर बसून अर्ध्या दिवसात 'बारा पॉइंट' उरकले की ती वाटच हातातून जाते.

आधी पोचायचं कसं. नेरळ स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी मिळतात, त्या घाट चढून दस्तुरी नाक्यापर्यंत नेतात. स्वतःची गाडी असेल तरी ती दस्तुरीच्या पार्किंगलाच ठेवायची, पुढे गाडीला बंदी, आत पेट्रोलवर चालणारं काय ते म्हणजे अँब्युलन्स आणि अग्निशमनची गाडी. नाक्यावर नगरपालिकेचा प्रवासी कर भरून पावती घ्यायची आणि ती जपून ठेवायची. तिथून बाजारपेठ साधारण अडीच-तीन किलोमीटर. नेरळहून थेट मिनी ट्रेनने यायचं असेल तर हातात भरपूर वेळ ठेवा, 1907 सालची दोन फुटी रुळांची लाइन आहे ती, 21 किलोमीटरला दोन-अडीच तास घेते, आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद असतो. आम्ही मात्र दस्तुरीपर्यंत टॅक्सी आणि पुढे अमन लॉजहून माथेरानपर्यंत याच मिनी ट्रेनची शटल असं केलं, अमन लॉज स्टेशन नाक्यापासून चालत काही मिनिटांवर आहे, खिडकीवर रांग असते त्यामुळे एकाने सामानापाशी थांबायचं आणि दुसऱ्याने आधी तिकिटाला पळायचं हे उत्तम. लेकीला ट्रेनचं वेड, ती खिडकी सोडायला तयार नव्हती.

नाक्यावर उतरल्या उतरल्या घोडेवाले आणि हमाल भोवती येतात. त्यांच्याशी नीट बोला, या गावाचं पोट त्यांच्यावरच चालतं. आम्ही बॅगांसाठी हमाल केला, डोक्यावर दोन बॅगा घेऊन तो आमच्या आधी हॉटेलवर पोचला होता. दर आधीच ठरवून घ्यायचा, दरफलक लावलेला असतो तो बघून. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी ई-रिक्षा आहेत, 2022 च्या शेवटाला त्या चाचणी म्हणून सुरू झाल्या. पूर्वी इथे माणसं हाताने रिक्षा ओढायची, चढावर माणसाने माणसाला ओढत न्यायचं, बघवायचं नाही ते. ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा महिन्यांत हे बंद करा असा आदेश दिला आणि रिक्षा ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा द्यायची योजना करा असंही सांगितलं. हे वाचलं तेव्हा खरंच बरं वाटलं. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे जी चालणाऱ्यांच्या फायद्याची आहे, पेव्हर ब्लॉक दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्याला चालतील, पण आतल्या वाटांना आणि ट्रेकच्या रस्त्यांना नाही. म्हणजे ती लाल मातीची वाट राहणार!

आता वाटांबद्दल. नकाशा डोक्यात असा बसवा की माथेरानचं पठार उत्तर-दक्षिण लांब आहे आणि बाजार साधारण मधे. पश्चिमेला तलाव, लॉर्ड, इको, लुईसा. दक्षिणेकडे अलेक्झांडर, रामबाग, चौक, वन ट्री हिल. उत्तरेला पॅनोरमा आणि पॉर्क्युपाइन. एका वेळी एकच बाजू घ्या, उगाच इकडून तिकडे पळू नका.

सुरुवात पश्चिमेने करा, ती सगळ्यात सोपी आहे आणि म्हाताऱ्या माणसांनाही झेपते. बाजारातून निघून झाडीतून उतरत उतरत शार्लोट तलावाशी येतो, काठाला पिसारनाथाचं देऊळ आहे, गावाचं ग्रामदैवत. आई तिथे बराच वेळ बसून होती, म्हणाली तुम्ही या फिरून, मी इथेच बरी. हा तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्याचा आहे, त्यात पाय धुणं, पोरांना उतरवणं, बिस्किटाचे पुडे टाकणं कृपया करू नका, आमच्या समोर एका ग्रुपने बाटल्या धुतल्या तेव्हा काकडीवाल्या मावशींनी त्यांना चांगलं झापलं, आणि झापायलाच हवं होतं. तिथून लॉर्ड पॉइंट, मग इको, आणि शेवटी लुईसा. लुईसावरून समोर प्रबळगड असा काही अंगावर येतो की बोलणंच थांबतं. दुपारी उन्हात गेलात तर धुरकट दिसतं, चारनंतर जा.

याच वाटेवर आम्हाला शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, दिसलं. खरं म्हणजे आधी ऐकू आलं, वर फांद्यांत खडखडाट झाला आणि मग अर्धवट कुरतडलेलं काहीतरी पायाशी पडलं, वर बघितलं तर तांबूस पाठ, फिकट पोट आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट. ते फांदीवर मागच्या पायांनी धरून उलटं लटकलं होतं आणि पुढच्या दोन पायांत फळ धरून शांतपणे खात होतं. लेक श्वास रोखून उभी होती. शाळेत राज्यप्राणी म्हणून चित्र काढलेलं, आता डोक्यावर बसलेलं! ओरडू नका, मोबाईलचा स्पीकर बंद ठेवा आणि थोडा वेळ एका जागी थांबा, एवढं केलं की दिसतं. घोड्यावरून जाताना हे दिसणं कठीणच.

दक्षिणेची वाट मला सगळ्यात आवडली. जांभूळ, हिरडा, अंजन असली झाडं वरून अशी मिळालेली असतात की भर दुपारीही सावलीतून चालता येतं. अलेक्झांडर, रामबाग करत पुढे चौक पॉइंटकडे गेलो की गर्दी जवळजवळ संपते. वन ट्री हिलच्या बाजूने खाली उतरणारी 'शिवाजीज लॅडर' नावाची घळ आहे, ती ट्रेकर लोकांसाठी आहे, लहान मुलांना घेऊन उतरायची नाही. कड्यांना काही ठिकाणी रेलिंग आहे आणि काही ठिकाणी अजिबात नाही, सेल्फीसाठी कडेला जाऊ नका हे पुन्हा पुन्हा सांगते.

पॅनोरमा लांब आहे, बाजारापासून जाऊन-येऊन दहा किलोमीटरच्या आसपास होतं, त्यामुळे तिथे सूर्योदयाला जायचं तर अंधारातच निघावं लागतं. टॉर्च हवाच. आई आणि लेक झोपलेल्या, आम्ही दोघंच गेलो. खाली नेरळची बाजू, धुकं, आणि कड्याखालून वळण घेत गेलेले मिनी ट्रेनचे रूळ. पॉर्क्युपाइन सनसेटसाठी प्रसिद्ध, त्यामुळे शनिवार-रविवारी जत्रा असते, आम्ही लवकर परत फिरलो.

लहान मुलांना नुसत्या वाटांचा कंटाळा येतो हेही खरं. त्यांच्यासाठी गावात माधवजी गार्डन आहे, पेमास्टर पार्क आहे, लेकीचा तिथे छान वेळ गेला आणि आईलाही बसायला बाक मिळाला. आणि गावातलं हुतात्मा वीर भाई कोतवालांचं स्मारक चुकवू नका. त्यांचा जन्म इथलाच, 1912 चा, वकील झालेला माणूस, बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत राहून विजेचे मनोरे पाडले आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात गेले. हे गाव म्हणजे 1850 साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट इथे चढून आला एवढाच इतिहास सगळीकडे सांगतात, मुलांना कोतवालांचाही सांगा.

काही बारीकसारीक गोष्टी. पांढरे बूट, पांढरे कपडे नकोत, लाल धूळ धुऊनही जात नाही. ग्रिप असलेले जुने शूज घाला, पावसाळ्यात शेवाळामुळे दगड भयंकर घसरतात. माकडं पिशवीवर झडप घालतात, हातात खाऊ किंवा प्लास्टिकची पिशवी दिसली की संपलंच, सगळं सॅकमध्ये चेन लावून ठेवा आणि त्यांना खायला मुळीच देऊ नका. पाणी घरून बाटल्या भरून न्या आणि रिकाम्या बाटल्या परत आणा, 2003 पासून हा भाग इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणासाठी नाजूक म्हणून जाहीर झालेला, आहे, इथला कचरा खाली न्यायलाही पुन्हा तोच घाट आहे. रोख पैसे ठेवा. शक्य असेल तर सोमवार ते गुरुवार जा, हॉटेलचे भावही उतरतात आणि वाटाही मोकळ्या मिळतात. चपला आणि चिक्की बाजारात शेवटच्या दिवशी घ्या, आधी घेतल्या तर ओझं वागवत फिरावं लागतं. परतताना अमन लॉजच्या शटलचं शेवटचं टायमिंग आदल्या दिवशीच स्टेशनवर बघून या, आणि दस्तुरीहून टॅक्सी अंधार पडायच्या आत पकडा, रविवारी संध्याकाळी तिथे मोठी रांग लागते आणि नेरळहून मुंबईकडची लोकल तर त्या वेळी खचाखच भरून येते.